बोअरचं पाणी रात्रीत तांबडं का होतं?

प्रश्न: आमचं घर चिपळूणजवळ, जांभ्यावर. बोअरचं पाणी बादलीत पडतं तेव्हा काचेसारखं, सकाळी चहाच्या रंगाचं. आईच्या जुन्या साडीची चौपदरी घडी करून गाळलं, तरी रंग तसाच!

– लोह आहे, दादा. खाली ऑक्सिजन नसतो म्हणून ते विरघळलेलं राहतं. हवा लागली की त्याचे बारीक कण होतात, सुरुवातीला १०० नॅनोमीटरहूनही लहान. प्रयोगशाळेतली नेहमीची ०.४५ मायक्रॉनची (म्हणजे ४५० नॅनोमीटर छिद्रांची) गाळणीही त्यांना ढेंगभर मोठी, साडीचं काय घेऊन बसलात!

– अंधारात ग्लासातून लेझर मारून बघा; पाण्यात असे कण असले की ते प्रकाश विखुरतात आणि किरणाची रेघ दिसते. आइसलंडच्या ब्लू लगूनचं गरम पाणी निळं दिसतं तेही अशाच कणांमुळे, फक्त सिलिकाच्या.

प्रश्नकर्ता: मारला. ग्लासात लाल रेघ आरपार! फिल्टरच्या पाण्यात काहीच नाही. आता तुरटी फिरवून ठेवलीय, तळाशी लालसर गाळ धरतोय.