संगणकाचे भाग बदलल्यानंतर पडद्यावर दिसणारे बिघाड : आपापले अनुभव

नवे ग्राफिक्स कार्ड, मोठा मॉनिटर किंवा वाढीव रॅम बसवल्यावर संगणक सुरळीत सुरू होतो, पण रोजच्या वापरातला एखादा प्रोग्रॅम मात्र मेन्यू अर्धवट रंगवतो किंवा खिडकी काळीच ठेवतो. असे ज्यांच्या बाबतीत घडले असेल, त्यांनी बिघाडाचे मूळ कुठे होते आणि ते कसे सापडले, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

कार्ड बदलल्यानंतर माझ्या आराखड्यांच्या प्रोग्रॅममध्ये माउस हलवला की पुसल्या जायला हव्या होत्या त्या रेषा तशाच राहत. सर्वप्रथम स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडला. रेषा तिथेही दिसल्या, म्हणजे केबल आणि मॉनिटर संशयातून सुटले. कारण चित्र संगणकातून बाहेर पडल्यानंतर होणारा बिघाड स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. प्रोग्रॅममधील हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवणारी सोय) बंद करताच रेषा गेल्या, परंतु मोठा आराखडा फिरवताना यंत्र अक्षरशः रांगू लागले, त्यामुळे याला उपाय म्हणणे मला पटेना. अखेर इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी आवश्यक तेवढ्याच गोष्टींसह सुरू करून) जुन्या कार्डाच्या ड्रायव्हरचे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, सगळे अवशेष काढले, नवा ड्रायव्हर बसवला आणि अ‍ॅक्सिलरेशन पुन्हा सुरू केले. तेव्हापासून तक्रार नाही.

*

माझा स्क्रीनशॉट मात्र अगदी स्वच्छ होता, तरी मॉनिटरवर गडद भागांत पांढरे ठिपके चमकत आणि मधूनच पडदा क्षणभर काळा होई. ३८४० × २१६० चा नवा मॉनिटर मी जुन्याच एचडीएमआय केबलने जोडला होता. रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवला जातो तो आकडा) ६० हर्ट्झवरून ३० वर आणताच ठिपके नाहीसे झाले, तेव्हा केबलला तेवढा भार पेलवत नाही हे उघड झाले.

*

आमच्या हिशेबाच्या जुन्या प्रोग्रॅमची अक्षरे नव्या मॉनिटरवर धूसर झाली. स्केलिंग (पडद्यावरील मजकूर व खिडक्या मोठ्या करून दाखवण्याचे प्रमाण) १५० टक्के होते; असा प्रोग्रॅम स्वतःची खिडकी इंचाला ९६ ठिपके धरूनच रंगवतो आणि विंडोज ते तयार चित्र दीडपट ताणते. प्रोग्रॅमच्या गुणधर्मांत, कंपॅटिबिलिटीखाली, उच्च डीपीआयसाठी (इंचाला जास्त ठिपके असलेल्या पडद्यासाठी) ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’ हा पर्याय मी निवडला. तो विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून मिळतो. अक्षरे लगेच रेखीव झाली. बटणांवरील चित्रे मात्र धूसरच राहिली, कारण ती मुळातच लहान आकाराची आहेत. त्याची मला फारशी अडचण वाटत नाही.

*

वेगळे कार्ड नसेल तर रॅमवरही संशय घ्यावा, कारण अंगभूत ग्राफिक्स तीच मेमरी वापरते. माझ्याकडे रंगीत चौकोन उमटत होते. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग, बंद केल्यावर ते थांबले.

*

दुसरा मॉनिटर काढल्यावर माझ्या प्रोग्रॅमची खिडकी टास्कबारवर दिसे, पडद्यावर नाही. ती निवडून ऑल्ट आणि स्पेसबार, मग एम, आणि नंतर बाणाची कळ दाबल्यावर ती माउसबरोबर परत आली.