'मिलिशिया'ला मराठीत काय म्हणावं? फ्रान्सिस मेरियनच्या निमित्ताने

प्रश्न

मंडळी, एक शब्द अडलाय. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात साउथ कॅरोलायना वसाहतीत इंग्रजांना सळो की पळो करून सोडणाऱ्या फ्रान्सिस मेरियनवर आठवी-नववीच्या मुलांसाठी लेख लिहिते आहे. हा माणूस मला मनापासून आवडतो. मे १७८० मध्ये चार्ल्सटन शहर इंग्रजांच्या हाती पडलं, ऑगस्टमध्ये कॅम्डेनला अमेरिकन जनरल गेट्सच्या फौजेची धूळधाण उडाली. दक्षिणेत नियमित सैन्य असं जवळजवळ उरलंच नाही. तेव्हा पन्नाशीकडे झुकलेला, मोडलेल्या घोट्यातून सावरत असलेला मेरियन मूठभर गावकऱ्यांना घेऊन दलदलीत शिरला आणि लढत राहिला.

त्याच्या लोकांना इंग्रजीत 'मिलिशिया' म्हणतात. आपल्या वर्तमानपत्रांत हा शब्द आला की जीपमधून बंदुका नाचवत फिरणाऱ्या टोळ्या डोळ्यांपुढे येतात. मुलांनी मेरियनला त्या रांगेत बसवू नये. 'लोकसेना', 'नागरी सेना', 'स्वयंसेवक दल' यांतलं काय घेऊ? आणि त्याला स्वतःला काय म्हणू? सेनापती, सरदार की म्होरक्या?

प्रतिसाद

'स्वयंसेवक दल' नको. वसाहतीच्या कायद्याप्रमाणे धडधाकट गोऱ्या पुरुषांची नावं मिलिशियात लागलेलीच असत, मर्जीचा प्रश्न नव्हता. 'लोकसेना'ला विसाव्या शतकातल्या साम्यवादी क्रांत्यांचा रंग लागलाय. 'नागरी सेना' बरा, पण निर्जीव.

प्रतिसाद

ताई, यासाठी आपला घरचा शब्द आहे: शिलेदार.

मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येई, आणि घोडा पडला तर खोट त्याची. मेरियनच्या माणसांचं अगदी हेच होतं. घोडा घरचा, बंदूक घरची, बहुतेक वेळा शिधाही घरचाच. तलवारी नव्हत्या, तर लाकूड चिरायच्या मोठ्या करवती गावच्या लोहारांकडे नेल्या आणि त्यांच्या पात्यांच्या तलवारी ठोकून घेतल्या. हा तपशील लेखात नक्की घ्या. शिलेदार म्हणजे काय हे मुलांना त्या एका करवतीवरून कळेल.

हंगामाचंही बघा. आपली फौज पावसाळ्यात घरी येई आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडे. मेरियनची माणसंही पेरणी-कापणी आली की घराकडे वळत. आज हाताशी तीनशे, पुढच्या महिन्यात साठ, असं त्याचं सैन्य भरती-ओहोटीसारखं हलत असे. याचा त्याला त्रास व्हायचा, पण जबरदस्तीने धरून ठेवलेला माणूस उद्या लढणार नाही हेही तो जाणून होता. कवायती फौजेच्या अधिकाऱ्याला पगार, तंबू आणि फटके यांचा आधार असतो. मेरियनकडे यातलं काही नव्हतं. तरी माणसं परत येत. मला तो मोठा वाटतो तो इथे.

आणि तो शिकत असे. सप्टेंबर १७८० मध्ये ब्लॅक मिंगोच्या खाडीवर तो रात्री छापा घालायला निघाला. वाटेत फळ्यांचा पूल होता. त्यावर घोड्यांच्या टापा वाजल्या, पहारेकऱ्याने गोळी झाडली आणि शत्रू जागा झाला. लढाई मेरियनने जिंकली, पण माणसं गमावून. त्यानंतर शत्रूजवळचा पूल रात्री ओलांडायचा झाला की तो आधी फळ्यांवर घोंगड्या अंथरायला लावी. स्वतःच्या माणसाचा जीव स्वस्त न मानणारा सरदार असाच असतो.

'शिलेदार'ला आज आणखी एक अर्थ चिकटलाय. 'विजयाचे शिलेदार', 'पक्षाचे शिलेदार' असं आपण सर्रास लिहितो, म्हणजे शेवटपर्यंत साथ देणारे. तोही इथे शोभतो.

प्रतिसाद

वरचं वाचायला छान वाटलं, पण माझी हरकत आहे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई हे खरं, पण तो पगारी होता. त्याच्या घोड्याचा मोबदला ठरलेला असे आणि ते पैसे थकले की तगादे लागत. मेरियनच्या माणसांना फार काळ छदामही मिळाला नाही. शिवाय शिलेदार म्हणजे शिपाईगिरी हाच ज्याचा पेशा तो. हे मूळचे शेतकरी.

जुन्या कोशांत मिलिशियाच्या अर्थाजवळ जाणारा शब्द सापडतो तो 'शिबंदी'. किल्ल्यावर, ठाण्यावर, वसुलीच्या कामावर ठेवलेले कवायत नसलेले लोक. इंग्रजांनीही तो उचलून आपल्या कागदांत वापरला. पण शिबंदी एका जागी बसून राखण करते. मेरियन एका जागी बसला असता तर आठवड्यात पकडला गेला असता! त्यामुळे तोही इथे लागत नाही. माझं मत: लेखात पहिल्यांदा 'मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांची फौज' असं लिहा आणि पुढे 'गावकऱ्यांची फौज' हेच चालू ठेवा.

प्रश्नकर्ती

'गावकऱ्यांची फौज' पटलं. 'शिलेदार' पूर्ण सोडवत नाही, एकेका माणसाबद्दल लिहिताना वापरेन. मेरियनसाठी 'म्होरक्या' कसा वाटतो? आणि 'गेरिला' लिहू की 'गनिमी कावा'?

प्रतिसाद

'म्होरक्या' अजिबात नको, ताई. टोळीचा म्होरक्या, कटाचा म्होरक्या, दरोड्याचा म्होरक्या. पोलिसांच्या बातम्यांनी हा शब्द पार बिघडवून टाकलाय. इंग्रज अधिकाऱ्याच्या तोंडी घालायचा असेल तर जरूर घाला, त्यांच्या लेखी हे सगळे बंडखोर लुटारूच होते. लेखिकेच्या तोंडी 'सरदार' हवा. सेनापती म्हणजे अमेरिकन फौजेचा नॅथनेल ग्रीन, मेरियन त्याच्या हाताखालचा सरदार. १७८० च्या अखेरीस ग्रीनने दक्षिणेची सूत्रं घेतली आणि याच सुमारास गव्हर्नर जॉन रटलेजने मेरियनला राज्याच्या मिलिशियात ब्रिगेडिअर जनरल केलं. तो हुद्दा तसाच ठेवा, भाषांतर नको.

'गेरिला' हा शब्द मेरियनच्या काळात इंग्रजीत रुळलेलाच नव्हता. तो आला १८०८ नंतर, स्पेनमधल्या लोकांनी नेपोलियनशी झुंज घेतली तेव्हा. त्यामुळे १७८० मधल्या पात्राच्या तोंडी तो देऊ नका. तुमच्या स्वतःच्या निवेदनात 'गनिमी कावा' खुशाल लिहा. गनीम म्हणजे शत्रू, मुघल आपल्याला म्हणत. त्यांनी दिलेली शिवी आपण पदकासारखी छातीवर लावली. मेरियनच्या 'स्वॉम्प फॉक्स' या नावाचंही तेच. नोव्हेंबर १७८० मध्ये इंग्रजांचा कर्नल टार्लटन सुमारे सात तास त्याच्या मागावर चिखल तुडवत गेला आणि शेवटी 'या म्हाताऱ्या कोल्ह्याला सैतानसुद्धा पकडू शकणार नाही' अशा अर्थाचं काहीतरी बोलून मागे फिरला, असं सांगतात. 'दलदलीतला कोल्हा' असंच ठेवा. मराठीत कोल्हा हलका वाटतो म्हणून त्याला वाघ करण्याचा मोह होईल, पण समोर संख्या जास्त दिसली की मेरियन सरळ निघून जाई, आणि ते वाघाचं वागणं नव्हे. ते कोल्ह्याचं शहाणपण, आणि त्याच्याच बळावर तो युद्धाच्या शेवटापर्यंत टिकला.

जाता जाता: टार्लटनला पाठवणारा लॉर्ड कॉर्नवॉलिस म्हणजे तोच, जो १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेला आणि १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. टिपूवरच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने होते. मुलांना हा धागा नक्की आवडेल.

प्रतिसाद

शब्दांबरोबर एक गोष्ट लिहायला हवी. मेरियन मळेवाला होता आणि त्याच्या मळ्यावर गुलाम होते. ऑस्कर मेरियन नावाचा गुलाम सगळ्या युद्धभर त्याच्याबरोबर होता. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्याच्या शेजारी एक माणूस स्वतः स्वतंत्र नव्हता, हे मुलांपासून लपवू नका. १७६१ मध्ये चेरोकी लोकांवरच्या मोहिमेतही तो होता, आणि त्या मोहिमेत त्यांची गावं आणि उभी शेतं जाळली गेली.

म्हणून 'देवमाणूस', 'युगपुरुष' हे शब्द वर्ज्य करा. 'कौतुक' चालेल, 'आदर' चालेल, आणि तोही कशाबद्दल ते स्पष्ट सांगून. ऑस्करला 'नोकर', 'सेवक', 'विश्वासू साथीदार' असं काही म्हणू नका. 'गुलाम' हाच शब्द ठेवा.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. शेवटची सूचना सगळ्यात मोलाची वाटली, ऑस्करला लेखात स्वतंत्र परिच्छेद देते. मेरियनबद्दलचं सुरुवातीचं वाक्य असं केलंय, कुठे खटकलं तर सांगा:

'साउथ कॅरोलायनात नियमित सैन्य संपलं तेव्हा मेरियनने मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांची फौज, उभी केली. त्यातला एकेक जण शिलेदार होता: घोडा स्वतःचा, बंदूक स्वतःची आणि तलवार गावच्या लोहाराने करवतीच्या पात्यातून ठोकलेली.'

प्रतिसाद

'उभी केली' ऐवजी 'हाती घेतली' करा. विल्यम्सबर्ग भागातली माणसं आधीच जमली होती आणि त्यांनी आपणहून नेतृत्वासाठी माणूस मागितला होता. बाकी वाक्य उत्तम.