मदत हवी आहे: माशांच्या नवीन टँकमधला अमोनिया उतरत नाहीये

४० लिटरचा टँक लावून १२ दिवस झाले, दुसऱ्याच दिवशी ५ गप्पी मासे सोडले, घाईच झाली, आणि काल त्यातला एक गेला. टेस्ट किटवर अमोनिया १ पीपीएम, नायट्राइट (बॅक्टेरिया अमोनियापासून बनवतात ते) शून्य, पीएच ७.८, तापमान २६. स्पंज फिल्टर सतत चालू असतो पण मागच्या आठवड्यात तो मी थेट नळाखाली धुतला, क्लोरीनने त्यातले अमोनिया संपवणारे चांगले बॅक्टेरिया मेले असणार. आता खाणं दिवसाआड देतेय आणि रोज २५ टक्के पाणी बदलतेय, अँटीक्लोरीन घालूनच. तरी बाकीचे चौघं वर येऊन तोंड उघडझाप करतायत, बघवत नाही. दुसरा टँक नाहीये. मैत्रिणीच्या जुन्या टँकमधला स्पंज मिळतोय, तिचे मासे ठणठणीत आहेत. तो लावल्यावर रोज ५० टक्के पाणी बदलू की २५च ठेवू, आणि किती दिवस?