कत्तलखान्यातून आणलेल्या कोटीपोटाच्या द्रवावर गॅस टेस्ट: आकडे स्थिर येत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
पशुपोषणात एम.व्ही.एस्सी. करतेय. मालदांडीचा कडबा, युरिया प्रक्रिया केलेला कडबा आणि उसाचं वाढं यांची पचनीयता ताडून बघायची आहे. फिस्टुला (कोटीपोटात, म्हणजे जंतू चारा आंबवतात त्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, थेट उघडणारं कायमचं छिद्र) बसवलेलं जनावर आमच्याकडे नाही, म्हणून शेळ्यांच्या कत्तलखान्यातून कोटीपोटातला द्रव आणते. पद्धत मेंकेची, म्हणजे द्रवातले जंतू चारा आंबवताना किती वायू निघतो ते मोजायचं: 200 मिग्रॅ नमुना, 100 मिलीची काचेची सिरिंज, 39 अंश से., 24 तासांनी वायूचं माप.

ब्लँक (चारा न घालता नुसत्या द्रवातून निघणारा वायू) वजा करूनही त्याच कडब्याचा वायू दर खेपेला वेगळा येतो. सुरुवातीचे काही तास दट्ट्या ढिम्म हलत नाही. द्रव थर्मासमधून आणते, मलमलीच्या चार पदरांतून गाळते, कार्बन डायऑक्साइडही सोडते. टिली-टेरीच्या दोन टप्प्यांच्या पचन-चाचणीकडे (1963) वळू का? पण त्यातही पेप्सिन-आम्लाच्या आधी 48 तास हाच द्रव लागतो!

प्रतिसाद १
पद्धत बदलून काही होणार नाही, गोम द्रवातच आहे. कत्तलीआधी जनावरं उपाशी असतात, त्यामुळे जंतू मंदावलेले. त्याआधी त्यांनी काय खाल्लं तेही कोण सांगणार? निदान तीन-चार शेळ्यांचा द्रव एकत्र करा, आधी गरम पाण्याने तापवलेला थर्मास काठोकाठ भरा, लगेच वापरा. आणि प्रत्येक खेपेत एक ठरलेला प्रमाणित नमुना लावाच. त्याशिवाय दोन खेपांचे आकडे शेजारी मांडू नका.

युरियावाल्या कडब्याला मात्र जपा. सिरिंजमधला बराचसा वायू आंबताना तयार झालेल्या आम्लांनी द्रवात मिसळलेल्या बायकार्बोनेटमधून सोडवलेला असतो. युरियातून आलेला अमोनिया त्या आम्लांचा काही भाग मारतो, म्हणून पचन चांगलं होऊनही वायू कमी दिसतो. तिथे 24 तासांनी सिरिंजमधला गाळ न्यूट्रल डिटर्जंटमध्ये (न पचलेले तंतू तेवढे मागे ठेवणारं द्रावण) उकळा आणि उरलेलं वजन करा. ते वायूच्या आकड्यापेक्षा खरं बोलेल.

धागाकर्ती
धन्यवाद सर! प्रमाणित नमुना म्हणून आपलाच कडबा चालेल का?

प्रतिसाद १
खेपांची आपापसात तुलना करायला चालेल. एकाच गंजीतला घ्या, 1 मिमी चाळणीतून एकदाच भरपूर दळून हवाबंद डब्यात ठेवा. वायूवरून चाऱ्याचं ऊर्जामूल्य काढायचं समीकरण वापरायचं असेल तर मात्र मूळ पद्धतीसोबतचं प्रमाणित गवत मागवावं लागेल.