‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’: कुपी, झाड आणि भुयारं कशी वाचायची?

प्रश्न: अंगठी म्हणजे सत्ता, इथवर कळतं. पण एल्फ राणी गॅलड्रिएलने दिलेली प्रकाशाची कुपी, पांढरं झाड, पुन्हापुन्हा येणारे भुयारी रस्ते यांना प्रतीक म्हणावं का? ठरवायचं कसं?

उत्तर १: आधी ‘अमुक म्हणजे तमुक’ हे समीकरण सोडा. कादंबरीचा लेखक टॉल्किन याने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत रूपककथेची नावड स्पष्ट लिहिली आहे. प्रत्येक उल्लेखासाठी वहीत चार रकाने करा: कुठे, कोणाच्या हातात, वस्तूची अवस्था, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं. कुपीचंच बघा. शीलॉब या राक्षसी कोळिणीच्या बोगद्यात ती लखलखते, सिरिथ उंगोलच्या बुरुजावरच्या पहारेकरी पुतळ्यांची अडवणूक मोडते, पण अग्निपर्वताच्या पोटात अंगठी वाहणाऱ्या फ्रोडोचा सोबती सॅम ती काढतो तेव्हा उजेडच पडत नाही. माझ्या मते हाच प्रसंग सर्वांत महत्त्वाचा: अंगठी घडवणाऱ्या खलनायक साउरॉनच्या सत्तेच्या गाभ्यात बाहेरून आणलेली मदत थिटी पडते. पहिल्याच प्रसंगावर थांबलात तर ‘कुपी म्हणजे आशा’ एवढंच हाती लागतं.

उत्तर २: झाडाचा क्रम लावा. मिनास तिरिथ या राजधानीच्या अंगणात ते वाळलेलं उभं असतं. राज्याभिषेकानंतर नवा राजा ॲरागॉर्न याला डोंगरावर बर्फाच्या कडेला जेमतेम 3 फुटी रोप सापडतं, जूनमध्ये ते फुलतं. जुनं खोड जाळत नाहीत, मानाने नेऊन ठेवतात. हा तपशील बहुतेक जण गाळतात.

उत्तर ३: मोरियाच्या खाणी आणि मृतांचा मार्ग हे दोन भुयारी रस्ते एका खात्यात टाकू नका. मोरियात अंगठीसोबत निघालेला चमू जादूगार गॅन्डाल्फला गमावतो. मृतांच्या मार्गावरून ॲरागॉर्न मृतांचं सैन्य घेऊन बाहेर पडतो, कारण तिथले शपथभंग केलेले लोक त्याला जुना राजा इसिल्डुर याचा वारस मानतात.