मदत हवी आहे: नववीच्या मुलांना छळछावण्यांतून परत आलेल्या ज्यूंची आत्मकथनं कशी वाचायला द्यावीत?

नमस्कार. मी रायगड जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीला मराठी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत वर्गातल्या पाच-सहा मुलांनी ॲन फ्रँकची डायरी मराठीतून वाचली. शाळा उघडल्यावर एक मुलगी विचारायला आली, "बाई, पुढे काय झालं?" डायरीतली शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची, आणि ४ ऑगस्टला सगळ्यांना पकडून नेलं, एवढं मी सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. तिथून पुढचं लिहायला ॲन उरली नाही. छावणीतून जे जिवंत परतले, त्यांनीच ते लिहिलं. म्हणून जानेवारीत, स्नेहसंमेलन आटोपलं की, चार तास त्यांच्या आठवणींना द्यायचे ठरवलंय.

आणखी एक कारण आहे. त्याच वर्गातला एक मुलगा मला म्हणाला, "हिटलर शिस्तीचा होता, बाई." हिटलरचं आत्मचरित्र त्याला स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या गाडीवर मराठीत मिळालं. मुलगा वाईट नाही, वाचणारा आहे. त्याच्या हाती जे सहज पडलं ते त्याने वाचलं. याची मला फार टोचणी लागली आहे.

एली वीझेल आणि रूथ क्लूगर यांची पुस्तकं घ्यायची हे नक्की. वीझेल ऑशविट्झच्या छळछावणीत उतरले तेव्हा पंधरा वर्षांचे होते. एका कैद्याने त्यांना घाईघाईने बजावलं, वय अठरा सांग. क्लूगर बारा वर्षांच्या. नोंदी करणाऱ्या एका कैदी मुलीने त्यांना पंधरा सांगायला लावलं, वर अधिकाऱ्याला म्हणाली, हिचे पाय बघा, ही काम करू शकेल. माझी मुलं चौदाची आहेत. त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पण सुरुवात प्रीमो लेवींपासून करावी असं वाटतं. इटलीतल्या तुरीनचे रसायनशास्त्रज्ञ, तेही ऑशविट्झहून परतलेले, पुस्तक १९४७ चं. त्यात एक प्रकरण आहे: दोघे कैदी सूपचं पातेलं आणायला निघालेत. सोबतच्या तरुणाला इटालियन शिकायचंय, म्हणून लेवी त्याला जुन्या इटालियन कवी दान्तेच्या काव्यातला युलिसिसचा भाग म्हणून दाखवू लागतात. मधल्या ओळी आठवत नाहीत. त्या जोडून देणारं कुणी भेटलं तर आजचं सूप देऊन टाकीन, असं ते लिहितात. सुपावर जीव तगून असलेला माणूस हे लिहितो. पाठांतराला कंटाळणाऱ्या मुलांपुढे मला हे प्रकरण मोठ्याने वाचायचंय. मराठी अनुवाद कुणाकडे असेल तर कळवा, नाहीतर इंग्रजीवरून तेवढा उतारा मीच करीन.

आता अडचणी. या प्रकरणात एकही प्रेत नाही, तर मुलांना छावणी सुसह्य होती असं वाटेल का? छावणीकडे नेणाऱ्या गाडीत लेवींच्या डब्यात ४५ माणसं होती, त्यातली चार घरी परतली. आमच्या वर्गाचा पट ४६. एका सहकाऱ्याने सुचवलं की चौघांना उभं करून बाकीच्यांना बसवा, म्हणजे आकडा कळेल. माझं मन धजत नाही. आणि "ते पळून का नाही गेले?" हा प्रश्न येणारच. काय सांगू?

आमच्या मुलांना ज्यू म्हटलं की अलिबागची इस्राएल आळी आणि 'शनिवार तेली' (शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले ज्यू) आठवतात. हा धागा वापरावा की त्याने गोंधळ होईल?

प्रतिसाद

ताई, चौघांना उभं करू नका. बसलेली मुलं घरी जाऊन काय सांगतील याचा विचार करा.

पळून जाण्याचा प्रश्न लेवींनाच शाळाशाळांतून विचारला जायचा. १९७६ मध्ये शालेय आवृत्तीसाठी त्यांनी या पुस्तकाला पुरवणी जोडली, त्यात अशाच प्रश्नांची उत्तरं आहेत. केस भादरलेले, अंगावर पट्ट्यांचे कपडे, पायात लाकडी खडावा, भाषा परकी, बाहेर आसरा नाही, आणि एक पळाला की मागे राहिलेल्यांना शिक्षा. दुसऱ्या एका पुस्तकात त्यांनी पाचवीतल्या मुलाची गोष्ट लिहिली आहे. त्याने लेवींकडून फळ्यावर छावणीचा नकाशा काढून घेतला, सुटकेची योजना आखून दिली आणि पुन्हा अशी वेळ आली तर असंच करा म्हणून सांगितलं. हा प्रसंग आधी वाचा. तुमच्या मुलांना प्रश्न विचारायची लाज वाटणार नाही.

इस्राएल आळीचा उल्लेख जरूर करा, पण आपल्याकडे त्यांचा धर्मावरून छळ झाला नाही हेही त्याच दमात सांगा.

धागाकर्ती

मनापासून आभार. पाचवीतल्या मुलाचा प्रसंग पहिल्या तासाला घेते, सूपचं प्रकरण दुसऱ्या. कुणाला उभं करणार नाही. फक्त एक विचारायचं राहिलं: वीझेलांच्या वडिलांच्या मृत्यूचा भाग वर्गात मोठ्याने वाचू की ज्याला हवा त्याला घरी न्यायला देऊ? वर्गातल्या एका मुलाचे वडील याच पावसाळ्यात गेले आहेत.