लिंडा रॉनस्टॅट ही एकच बाई आहे का चार? कुठून ऐकायला घेऊ?

सदाफुली:
'द लास्ट ऑफ अस'च्या तिसऱ्या एपिसोडमधलं 'लाँग लाँग टाइम' ऐकलं आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. शोधलं तर गाणं निघालं १९७० चं, गायिका लिंडा रॉनस्टॅट. मग युट्यूबने पुढचं लावलं ते दणदणीत रॉक, त्याच्यापुढे मेक्सिकन घागरा घालून मारियाचीवाल्यांसोबत (मेक्सिकन लोकसंगीताचा वाद्यवृंद) स्पॅनिश, मग मोठा ऑर्केस्ट्रा घेऊन जुनी सिनात्राच्या जमान्यातली गाणी आणि वर कुठल्यातरी ऑपेरेटामध्ये, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकात, ही एवढी उंच पट्टी! विकिपीडिया वाचला पण तिथे ग्रॅमी, प्लॅटिनम, नंबर वन असं सगळं एकाच सुरात, काही उमजलं नाही. तिच्या करिअरचे खरे टप्पे कोणते म्हणाल? आणि एकाच माणसाने इतकं सगळं का करावं? नवरा म्हणतो मार्केटिंग असणार, दर पाच वर्षांनी नवं गिऱ्हाईक.

टेपरेकॉर्डर:
मार्केटिंग?? अहो उलट, प्रत्येक वेळी कंपनीवाले डोक्याला हात लावून बसायचे.

सुरुवात १९६७, 'स्टोन पोनीज' नावाचं त्रिकूट, गाणं 'डिफरंट ड्रम', मायकेल नेस्मिथने लिहिलेलं. हिला साधं गिटारवर हवं होतं, स्टुडिओत गेली तर तिथे व्हायोलिनवाले आणि हार्प्सिकॉर्ड मांडून ठेवलेलं आणि बँडमधल्या बाकीच्या दोघांना त्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवायलाच नाही घेतलं. गाणं हिट गाण्यांच्या यादीत तेराव्या नंबरपर्यंत गेलं पण बँड काही टिकला नाही. मग चारपाच वर्षं चाचपडण्यात गेली, तुमचं 'लाँग लाँग टाइम' त्याच काळातलं, ग्रॅमी नॉमिनेशन मिळालं त्याला. आणि एक गंमत, १९७१ मध्ये हिच्या मागे साथीला जी पोरं वाजवत होती त्यातल्या ग्लेन फ्राय आणि डॉन हेन्लीने पुढे स्वतःचा बँड काढला, तो म्हणजे ईगल्स. हिनेच प्रोत्साहन दिलं त्यांना.

खरा धमाका १९७४, 'हार्ट लाइक अ व्हील', प्रोड्यूसर पीटर ॲशर. त्यातलं 'यू आर नो गुड' १९७५ मध्ये पॉपमध्ये नंबर वन, 'व्हेन विल आय बी लव्ह्ड' कंट्रीमध्ये (अमेरिकन खेड्यापाड्यातल्या वळणाची गाणी) नंबर वन, आणि त्याच अल्बममधल्या हँक विल्यम्सच्या गाण्याला कंट्रीचं ग्रॅमी. १९७७ ला 'सिंपल ड्रीम्स'ने फ्लीटवूड मॅक या बँडच्या 'रूमर्स' अल्बमला पहिल्या नंबरावरून उठवलं, जो तिथे महिनोन्‌महिने ठाण मांडून होता, आणि 'ब्लू बायू' आणि 'इट्स सो ईझी' दोन्ही एकाच वेळी टॉप फाइव्हमध्ये. स्टेडियमं भरत होती. इथे कुठलाही शहाणा माणूस काय करेल? हेच चालू ठेवेल. हिने काय केलं, १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात गिल्बर्ट-सलिव्हनच्या 'पायरेट्स ऑफ पेन्झन्स'मध्ये मेबलचं, म्हणजे नायिकेचं काम घेतलं. तेच नाटक नंतर ब्रॉडवेवर गेलं, टोनीचं, म्हणजे नाटकांसाठीच्या मोठ्या पुरस्काराचं नॉमिनेशन मिळालं.

मग १९८३, 'व्हॉट्स न्यू', नेल्सन रिडलसोबत. रिडल म्हणजे सिनात्राचा अरेंजर, गाण्याचा वाद्यमेळ बांधणारा, तेव्हा जरा अडगळीतच पडलेला माणूस. सगळे म्हणाले रॉकचं पब्लिक कायमचं जाईल. विकल्या गेल्या तीसेक लाख कॉप्या! दोघांनी मिळून तीन अल्बम केले, तिसरा पूर्ण व्हायच्या सुमारास १९८५ मध्ये रिडल गेले.

वसंतऋतू:
थोडक्यात त्यांच्या आशाबाई 🙂

खवचट_काका:
नाही हो, आशाबाईंचं निराळं. तिथे संगीतकार चाल आणणार, सिनेमाला कॅबरे पाहिजे तर कॅबरे, गझल पाहिजे तर गझल, आणि त्या जे येईल त्याचं सोनं करणार. हिच्याकडे कोणी काही आणत नव्हतं, कोणी मागितलेलंच नसायचं आणि ही ते गाणार म्हणून हटून बसायची. दोन्ही अवघडच पण जात वेगळी.

बाकी तुमच्या कौतुकात थोडं मीठ टाकतो. बाईने स्वतः लिहिलेली गाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. 'ब्लू बायू' रॉय ऑर्बिसनचं, 'इट्स सो ईझी' बडी हॉलीचं, 'व्हेन विल आय बी लव्ह्ड' एव्हर्ली ब्रदर्सचं. सगळी दुसऱ्यांची. आणि १९८० चा 'मॅड लव्ह', तो न्यू वेव्ह (तेव्हाचा नव्या वळणाचा रॉक) प्रकार मला तरी ओढूनताणून वाटतो.

टेपरेकॉर्डर:
काका, ऑर्बिसनचं मूळ ऐका आणि मग हिचं ऐका, शेवटी ती आवाज जिथे नेऊन ठेवते तिथे गाणं हिचं होतं. लिहिलं नाही म्हणून कमी हा हिशोब मला पटत नाही. 'मॅड लव्ह'वर मात्र भांडणार नाही.

वाळवंटातला_पुणेकर:
मी ॲरिझोनात राहतो त्यामुळे इथे तोंड घालणं भाग आहे. मार्केटिंग का नाही ते टूसॉनला आल्यावर कळतं. ती १९४६ ला टूसॉनमध्ये जन्मली, मेक्सिकोची सीमा तिथून गाडीने तासाभरावर. आजोबा फ्रेड रॉनस्टॅट मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातून १८८२ मध्ये इथे आले, घोडागाड्या बनवायचे आणि शिवाय गावात बँड चालवायचे. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, पण गळा असा की घरात रोज मेक्सिकन गाणी. आत्या लुइसा एस्पिनेल स्वतः स्टेजवर गाणारी, तिने घराण्यातली गाणी गोळा करून १९४६ मध्ये छोटं पुस्तक काढलं, 'कान्सिओनेस दे मि पाद्रे', म्हणजे माझ्या वडिलांची गाणी. १९८७ मध्ये लिंडाने जो मारियाची अल्बम काढला त्याचं नाव तिथून उचललंय. मारियाची वार्गास सारखे नावाजलेले लोक साथीला. स्पॅनिश तिला फाडफाड बोलता येत नाही, गाणी मात्र पाळण्यापासूनची. आणि कंपनीला धडकी भरवणारा हा अल्बम अमेरिकेत इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतला सगळ्यात जास्त खपलेला ठरला.

ती स्वतः म्हणते की दहा वर्षांची व्हायच्या आत जे घरात कानावर पडलं नाही ते मी गायलेच नाही. कंट्री रेडिओवर, ऑपेरेटा आणि जुनी स्टँडर्ड्स घरातल्यांच्या तोंडी, मेक्सिकन वडिलांकडून. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बाई इकडून तिकडे उड्या मारतेय, तिच्या लेखी सगळं एकाच दिवाणखान्यातलं. म्हणून मला विचाराल तर सगळ्यात मोठा टप्पा १९८७, कारण त्याच वर्षी डॉली पार्टन आणि एमिलू हॅरिससोबतचा 'ट्रायो'पण आला. तिघींनी सत्तरच्या दशकातच प्रयत्न केला होता, पण तीन वेगळ्या कंपन्या आणि तिघींच्या तारखा, जमेचना. एका वर्षात अमेरिकेतल्या अपॅलेशियन डोंगरातला कंट्रीचा सूर आणि सोनोराचा सूर, दोन्ही अस्सल. कोणी करून दाखवा.

टूसॉनच्या म्युझिक हॉलला २०२२ पासून तिचं नाव आहे, कोणी आलात तर जरूर बघा.

सदाफुली:
बापरे, किती दिलंत! आत्याचं पुस्तक वगैरे कुठेच वाचलं नव्हतं. ती अजून गाते का?

टेपरेकॉर्डर:
नाही. २००० च्या आसपासच गळा ऐकेनासा झाला, तिलाच कळायचं काहीतरी बिघडलंय पण कारण सापडत नव्हतं. तशीच गात राहिली, २००९ मध्ये सॅन अँटोनिओला शेवटचा कार्यक्रम, तोही मारियाचीसोबत. २०१३ मध्ये तिने जाहीर सांगितलं की पार्किन्सन्स आहे आणि आता एक ओळसुद्धा गाता येत नाही. पुढे डॉक्टरांनी निदान बदललं, पार्किन्सन्ससारखाच पण वेगळा मेंदूचा आजार निघाला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम मिळालं २०१४ ला, म्हणजे गाणं थांबल्यावर, समारंभाला ती जाऊच शकली नाही. त्याच वर्षी ओबामांच्या हातून नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स मात्र घ्यायला गेली. मला त्या हॉल ऑफ फेमवाल्यांचा राग येतो खरं सांगायचं तर, पंचवीस वर्षं काय झोपले होते का.

खवचट_काका:
यावर मात्र एकमत. आणि कमिटीचं कारण माहितीये ना, 'ही नक्की रॉक का?' असलं काहीतरी असणार, दुसरं काय.

वसंतऋतू:
ऑपेराही केलाय ना? 'ला बोएम' का काहीतरी?

वाळवंटातला_पुणेकर:
हो, १९८४, न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये त्यातली नायिका मिमी झाली होती. तेवढं मात्र समीक्षकांना रुचलं नाही. आणि संगीतकार फिलिप ग्लासच्या अल्बममध्येही आहे, १९८६, ते बघा, एकदम वेगळंच प्रकरण.

टेपरेकॉर्डर:
सदाफुली, ऐकायला 'हार्ट लाइक अ व्हील' पहिला घ्या, पूर्ण, गाणी न उड्या मारता. मग थेट 'कान्सिओनेस', हेडफोन लावून. ॲरन नेव्हिलबरोबरचं 'डोन्ट नो मच' मध्ये कधीही चालेल, १९८९ चं आहे, थोडं गोडमिट्ट पण दोघांचे आवाज काय मिळतात! 'व्हॉट्स न्यू' रात्री. आणि स्टेजवरची लिंडा हवी असेल तर १९८० च्या टीव्ही कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग 'लाइव्ह इन हॉलीवूड' नावाने २०१९ मध्ये निघालंय, त्यात बँड काय पेटलाय ते ऐका. न्यू वेव्हची गाणीपण आहेत त्यात, काकांनी ती पुढे ढकलावीत.